बिशपच्या जागी बसलेली सभा

१७०६ साली फिलाडेल्फियात सात पाळक एकत्र आले आणि अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी उभी राहिली. तिच्या कार्यवृत्ताचे पहिले पान गहाळ आहे. उरलेली नोंद एका वाक्याच्या मध्यावर सुरू होते आणि थेट कामालाच लागते: जॉन बॉइड नावाचा एक उमेदवार आहे, त्याची परीक्षा घ्यायची आहे, त्याला पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही हे ठरवायचे आहे. स्थापनेविषयी त्या सात जणांनी जे काही लिहिले असेल ते पानाबरोबर गेले. परीक्षा, प्रश्न आणि निर्णय एवढे राहिले. प्रेसबिटरी ओळखायला तेवढे पुरेसे आहे, कारण गेली सुमारे साडेचार शतके ही सभा हेच काम करत आली आहे.

ख्रिस्ती धर्माच्या प्रोटेस्टंट शाखेतल्या प्रेसबिटेरियन परंपरेत बिशप नसतो. बिशपची कामे मात्र चुकत नाहीत. नव्या पाळकांना दीक्षा कोणीतरी द्यावीच लागते. रिकाम्या पडलेल्या मंडळीला पाळक मिळवून देणे, चुकलेल्या पाळकाला जाब विचारणे, दोन गटांत फुटू पाहणाऱ्या मंडळीत जाऊन बसणे, शिकवणीवर नजर ठेवणे, हेही कोणाला तरी करावे लागते. प्रेसबिटेरियन चर्च ही सारी जबाबदारी एका प्रदेशातल्या सर्व पाळकांवर आणि मंडळ्यांनी निवडून पाठवलेल्या, साधारण तेवढ्याच वडिलांवर, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांवर, सोपवते. मुकुट, अंगठी, धर्मदंड असली कोणतीही खूण नसलेली ही सभा बिशपच्या जागी बसते.

पारंपरिक रचना चार पायऱ्यांची आहे. गावातल्या एका मंडळीचा कारभार पाळक आणि वडील यांचे सेशन पाहते. त्यावर प्रदेशाची प्रेसबिटरी, तिच्यावर अनेक प्रेसबिटऱ्यांची सिनॉड आणि सर्वांत वर देशाची जनरल असेंब्ली, म्हणजे महासभा. मराठी वाचकाला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही उतरंड आठवेल आणि नकाशा समजण्यापुरती ती उपयोगी आहे. पण एका ठिकाणी हे साम्य तुटते आणि तिथेच प्रेसबिटरीचे वेगळेपण आहे. प्रेसबिटेरियन पाळक आपल्या मंडळीचा सभासद नसतो, तो प्रेसबिटरीचा सभासद असतो. मंडळी त्याला बोलावते आणि पगार देते, पण त्याला दीक्षा देणारी, नेमणारी, मोकळा करणारी आणि वेळ आली तर पदावरून काढणारी सभा प्रेसबिटरी असते. मंडळीतल्या एखाद्या धनवान गटाचे मन फिरले म्हणून पाळक रातोरात रस्त्यावर येत नाही, आणि मंडळी आपल्याच मालकीची आहे असे पाळकालाही म्हणता येत नाही.

सभेचे कामकाज जवळून पाहिले तर ही तत्त्वे बारीकसारीक रिवाजांत मुरलेली दिसतात. सभा प्रार्थनेने सुरू होते आणि तशी नोंद कार्यवृत्तात पहिल्या ओळीतच होते. त्याशिवाय सभा कायदेशीर ठरत नाही. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात. तो ठरावीक मुदतीसाठी निवडलेला असतो आणि मुदत संपली की पुन्हा सर्वांसारखा सभासद होतो. बहुमताच्या निर्णयाशी सहमत नसलेला सभासद आपली असहमती नावानिशी नोंदवून घेऊ शकतो, आणि निर्णय अन्यायाचा वाटला तर वरच्या सभेकडे अपील करू शकतो. दीक्षेच्या दिवशी स्कॉटलंडमध्ये एक जुना रिवाज आहे. प्रेसबिटरी उपासनेआधी जमते आणि चर्चचा शिपाई दाराशी जाऊन मोठ्याने विचारतो की या उमेदवाराच्या वागणुकीविरुद्ध किंवा शिकवणीविरुद्ध कोणाला काही म्हणायचे आहे काय. उत्तर आले नाही तरच विधी पुढे चालतो. मग उमेदवार गुडघे टेकतो आणि भोवती उभे असलेले पाळक त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. एकाच वेळी अनेक हात ठेवलेले असतात, म्हणून ही दीक्षा अमक्या एकाने दिली असे कोणाला म्हणता येत नाही.

ही व्यवस्था कोणा एकाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. जॉन कॅल्व्हिनने १५४१ साली जिनिव्हासाठी जे चर्चनियम केले त्यांत पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे सांगितली. पाळक आणि वडील यांची कन्सिस्टरी नावाची सभाही घालून दिली. पण जिनिव्हा एक शहर होते, त्याला प्रादेशिक सभेची गरज नव्हती. ती गरज फ्रान्समध्ये निर्माण झाली. तिथले प्रोटेस्टंट विखुरलेले होते, राजसत्ता त्यांच्या जिवावर उठली होती, आणि तरीही १५५९ साली पॅरिसमध्ये गुप्तपणे त्यांची पहिली राष्ट्रीय सिनॉड भरली. काही वर्षांतच स्थानिक, विभागीय, प्रांतिक आणि राष्ट्रीय अशा सभांची साखळी तिथे तयार झाली. १५७१ साली एम्डेन येथे जमलेल्या डच निर्वासित मंडळ्यांनी आपल्या नियमावलीच्या पहिल्याच कलमात बजावले की कोणत्याही मंडळीने दुसऱ्या मंडळीवर आणि कोणत्याही पाळकाने दुसऱ्या पाळकावर वर्चस्व गाजवू नये. फ्रान्समध्ये १६८५ नंतर हा धर्मच बेकायदा ठरला. अंत्वान कूर या तरुण प्रचारकाने १७१५ साली सेव्हेनच्या डोंगरात मोडून पडलेले काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्याने सर्वांत आधी मूठभर माणसांची सिनॉड बोलावली. छळ सोसणाऱ्या या लोकांना सभेची शिस्त जिवंत राहण्यासाठी हवी होती.

प्रेसबिटरी या नावाने आणि आज ओळखीच्या रूपात ही सभा घडली ती स्कॉटलंडमध्ये. १५६० साली जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे धर्मसुधारणा आणली, त्याच वर्षी पहिली जनरल असेंब्ली भरली, पण प्रेसबिटरीचा तेव्हा मागमूस नव्हता. प्रदेशांची देखरेख सुपरिंटेंडेंट नावाचे मोजके अधिकारी करत. त्याच काळात जवळपासचे पाळक नियमाने एकत्र जमून बायबलचा एखादा उतारा अभ्यासू लागले होते. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने त्यात भर घालायची, बाकीच्यांनी पारखायचे. या बैठकांना ‘एक्सरसाइझ’ म्हणत. पुढे याच बैठकांच्या सांगाड्यावर कारभाराची सभा उभी राहिली. प्रेसबिटरीच्या स्वभावात अभ्यास आणि न्यायनिवाडा एकमेकांत गुंतलेले दिसतात, त्याचे मूळ इथे आहे.

अँड्र्यू मेलव्हिल हा विद्वान जिनिव्हाहून परतल्यावर या प्रयत्नांना टोक आले. १५७८ सालच्या ‘दुसऱ्या शिस्तग्रंथा’ने बिशपपद निराधार ठरवले. १५८१ साली जनरल असेंब्लीने नमुन्यादाखल तेरा प्रेसबिटऱ्या स्थापन केल्या. सुमारे ६०० पॅरिश आणि ५० प्रेसबिटऱ्या असा आराखडा तेव्हा डोळ्यांसमोर होता, म्हणजे एका सभेच्या वाट्याला साधारण बारा गावे. सहाव्या जेम्स राजाला आणि त्याच्या दरबाराला हे रुचणे शक्य नव्हते. १५८४ च्या कायद्यांनी या सभांवर बंदी आली, १५९२ च्या कायद्याने त्यांना मान्यता मिळाली, आणि १५९६ साली फॉकलंडच्या राजवाड्यात मेलव्हिलने राजाची बाही धरून त्याला सुनावले की या देशात दोन राजे आणि दोन राज्ये आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स हा राजा नसून केवळ एक प्रजाजन आहे. आठ वर्षांनी, इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जेम्सने हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत सांगून टाकले की बिशप गेला तर राजाही जाईल. त्याने धोका बरोबर ओळखला होता. देवाच्या घरात समान मताने निर्णय घेणारी माणसे दरबारात मान खाली घालून किती दिवस उभी राहतील, हा प्रश्न त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत रक्त सांडूनच सुटायचा होता. १६३८ च्या ग्लासगो असेंब्लीने बिशप काढले, १६४३ पासून वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या धर्मसभेने या व्यवस्थेचे शास्त्र लिहून काढले, राजेशाही परतल्यावर बिशपही परतले, आणि १६९० साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चची प्रेसबिटेरियन घडी कायमची बसली.

या इतिहासाची काळी बाजूही सांगायला हवी. सतराव्या शतकातल्या प्रेसबिटरीच्या नोंदींत व्यभिचाराच्या आरोपाखाली गोणपाट नेसून मंडळीसमोर उभे राहायला लावलेल्या बायका-पुरुषांची नावे आहेत. चेटकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रियांविरुद्ध साक्षी गोळा करून खटला भरण्याची परवानगी मागणारेही याच सभांमधले पाळक आणि वडील होते. एका माणसाच्या मर्जीपेक्षा सभेचा विवेक बरा, हा विश्वास या परंपरेचा पाया आहे. पण सभाच भीतीने पछाडली तर तिच्या हातून घडणाऱ्या अन्यायाला नियमांचे कवच मिळते, ही गोष्ट त्या नोंदींनी कायमची नोंदवून ठेवली आहे. प्रेसबिटरीचे गुणगान करणारी पुस्तके अनेक आहेत. त्यांतली पुष्कळशी ही पाने घाईने उलटतात.

१६९७ साली जनरल असेंब्लीने स्वतःवरच एक बंधन घातले. त्याला ‘बॅरियर अ‍ॅक्ट’ म्हणतात. शिकवण, उपासना, शिस्त किंवा कारभार यांत कायमचा बदल करायचा असेल तर असेंब्लीने तो परस्पर करू नये. प्रस्ताव आधी सर्व प्रेसबिटऱ्यांकडे पाठवावा आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांची संमती आली तरच पुढच्या वर्षी तो पक्का करावा. वरवर साधा वाटणारा हा नियम प्रेसबिटरीला केवळ मधली पायरी राहू देत नाही. चर्चची घटना बदलण्याची किल्ली तो तिच्या हाती देतो. अमेरिकन चर्चने हेच तत्त्व घेतले आणि तिथे आजही मोठे प्रश्न असेंब्लीच्या मंचावर सुटत नाहीत, ते राज्याराज्यांतल्या सभांमध्ये एकेका मतदानाने सुटतात. २०११ साली समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेचा मार्ग मोकळा करणारी दुरुस्ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेसबिटेरियन चर्चने स्वीकारली, ती १७३ प्रेसबिटऱ्यांपैकी ८७ वी होकार देऊन गेली त्या क्षणी.

मधल्या पायरीवर खरी कसोटी लागते ती वरून आणि खालून एकाच वेळी ताण आला की. स्कॉटलंडमध्ये तो ताण जमीनदारांनी आणला. १७१२ च्या कायद्याने पाळक सुचवण्याचा हक्क पुन्हा आश्रयदात्या जमीनदाराकडे गेला. मंडळीला नको असलेला पाळक तिच्या गळ्यात बांधायचा की नाही, हा प्रश्न मग प्रेसबिटरीसमोर येऊन पडे. काही प्रेसबिटऱ्या सरळ नकार देत. तेव्हा असेंब्ली दुसऱ्या भागातल्या पाळकांची समिती घोड्यावरून धाडत असे आणि ती समिती येऊन नेमणूक उरकून जाई. १७५२ साली डनफर्मलिन प्रेसबिटरीने इन्व्हरकिदिंगच्या मंडळीवर असा पाळक लादायला नकार दिला, तेव्हा असेंब्लीने धडा शिकवण्यासाठी सहा जणांतून थॉमस गिलेस्पी या एकाला निवडून पदच्युत केले. त्याने आणखी दोघांबरोबर १७६१ साली रिलीफ चर्चची प्रेसबिटरी उभी केली.

१८३४ साली असेंब्लीने आपला कल बदलला. कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नाकारलेला उमेदवार प्रेसबिटरीने परत पाठवावा, असा नियम झाला. त्याच वर्षी पर्थशायरमधल्या ऑक्टरार्डर गावात त्याची परीक्षा झाली. लॉर्ड किनूलने रॉबर्ट यंग याला सुचवले. त्याच्या बाजूच्या निमंत्रणपत्रावर गावातल्या दोघांनीच सह्या केल्या आणि ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी त्याला नको म्हटले. प्रेसबिटरीने यंगला नाकारले. लॉर्ड आणि उमेदवार न्यायालयात गेले, १८३८ साली एडिंबराच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आठ विरुद्ध पाच मतांनी प्रेसबिटरीला दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या लॉर्ड्स सभागृहाने तो निकाल कायम केला. स्ट्रॅथबोगीच्या प्रेसबिटरीत याच्या उलट घडले. तिथल्या सात पाळकांनी असेंब्लीऐवजी न्यायालयाचा हुकूम मानला आणि जानेवारी १८४१ मध्ये मार्नोक गावात लोकांना नको असलेल्या पाळकाला दीक्षा दिली. विधी सुरू होण्याआधी गावकऱ्यांनी आपापली बायबले उचलली आणि ते बर्फात बाहेर पडले. या वादातून अखेर १८ मे १८४३ रोजी, एडिंबरामध्ये, थॉमस चामर्स या पाळकाने आणि त्याच्या सोबत्यांनी मिरवणुकीने असेंब्ली सोडली. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी घर, पगार आणि चर्चची इमारत यांवर पाणी सोडून फ्री चर्च काढले. हा इतिहास ‘डिसरप्शन’ या नावाने सांगितला जातो आणि सांगताना नजर बहुधा त्या भव्य मिरवणुकीवर खिळते. प्रत्यक्षात तो दहा वर्षे आधी लहान गावांच्या प्रेसबिटऱ्यांमध्ये, एकेका कार्यवृत्तात, लिहिला जात होता.

अमेरिकेत हीच व्यवस्था उलट्या टोकाकडून बांधली गेली. स्कॉटलंडमध्ये असेंब्ली आधी आली आणि तिने प्रेसबिटऱ्या निर्माण केल्या. अमेरिकेत १७०६ साली प्रेसबिटरी आली, तिच्यातून दहा-अकरा वर्षांत सिनॉड निघाली आणि पहिली जनरल असेंब्ली १७८९ साली भरली. सत्ता मूळची कोणाची, वरच्या सभेने दिलेली की खालच्या सभांनी वर सोपवलेली, हा वाद त्यामुळे तिथे कायम जागा राहिला. उदाहरणार्थ, केंटकी आणि टेनेसीच्या सरहद्दीवर पुनरुज्जीवनाच्या लाटेत माणसे हजारोंनी येत होती आणि शिकलेले पाळक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कंबरलंड प्रेसबिटरीने कमी शिक्षण झालेल्यांना दीक्षा दिली, वरच्या सभेने ती प्रेसबिटरीच मोडीत काढली. मग ४ फेब्रुवारी १८१० रोजी टेनेसीत तीन पाळकांनी स्वतःच प्रेसबिटरी स्थापन केली, त्यातून एक वेगळे चर्च वाढले. त्याच चर्चच्या नोलिन प्रेसबिटरीने १८८९ साली लुईसा वूझली या स्त्रीला दीक्षा दिली. वरच्या सभेने आक्षेप घेतला तरी प्रेसबिटरी मागे हटली नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये पहिली स्त्री पाळक व्हायला १९६९ साल उजाडावे लागले.

मात्र प्रेसबिटरी नेहमी काळाच्या पुढेच असते असे नाही. व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन प्रेसबिटरीने गुलामगिरीविरुद्ध कठोर बोलणाऱ्या जॉर्ज बोर्न या पाळकाला पदच्युत केले. १८१८ साली जनरल असेंब्लीने गुलामगिरीचा निषेध करणारा ठराव केला आणि त्याच असेंब्लीने बोर्नची हकालपट्टीही कायम ठेवली. शेजारच्या मळेवाल्या वडिलांबरोबर एकाच बाकावर बसणारी सभा शेजाऱ्यांच्या पापाकडे किती डोळेझाक करू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

विचारवंतांचे प्रवाह या अनुभवांतून तयार झाले. एक प्रवाह मानतो की ही व्यवस्था नव्या करारातच सांगितलेली आहे, म्हणून ती बंधनकारक आहे. दुसरा म्हणतो की ती शास्त्राशी सुसंगत आणि व्यवहारात चांगली आहे, पण देवाने दुसरी कोणतीही वाट बंद केलेली नाही. वडील हे खरे कोण, यावर १८४० च्या दशकात जेम्स हेन्ली थॉर्नवेल आणि चार्ल्स हॉज या दोघांत मोठा वाद झाला. वडिलांशिवाय प्रेसबिटरी भरू शकते काय, आणि दीक्षेच्या वेळी वडिलांनीही मस्तकावर हात ठेवावा काय? हॉजच्या मते वडील लोकांचे प्रतिनिधी होते, थॉर्नवेलच्या मते ते पाळकांइतकेच पूर्ण अर्थाने धर्मवडील होते. तेव्हा असेंब्लीने हॉजची बाजू घेतली, आजची प्रथा बहुतेक ठिकाणी थॉर्नवेलच्या बाजूने झुकली आहे. डच परंपरेचा प्रवाह आणखी निराळा. तिथे पाळक स्थानिक मंडळीचाच सभासद राहतो आणि प्रादेशिक सभा, जिला ते क्लासिस म्हणतात, सोपवलेल्या अधिकारापुरतीच असते. या वादांना कोरडे समजू नये. एखाद्या मंडळीला चर्च सोडून जायचे असेल तर इमारत कोणाची, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८७२ आणि १९७९ साली गेला तेव्हा न्यायमूर्तींना याच वादांत शिरावे लागले.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर प्रेसबिटरी जगभर गेली आणि तिथे तिच्या समानतेच्या दाव्याची खरी परीक्षा झाली. कोरियातली पहिली स्वतंत्र प्रेसबिटरी १९०७ साली प्योंगयांगमध्ये स्थापन झाली आणि तिने लगेच सात कोरियन पाळकांना दीक्षा दिली. तीन दशकांनी जपानी सत्तेखाली असेंब्लीने शिंतो देवळात नमन करण्याचा ठराव केला. तो न मानणाऱ्या चू की-चोल या पाळकाला १९३९ साली त्याच्याच प्योंगयांग प्रेसबिटरीने पदावरून काढले. १९४४ साली तो तुरुंगात मरण पावला. आजच्या मलावीतल्या लिव्हिंगस्टोनिया मिशनमध्ये १९१४ साली दीक्षा मिळालेल्या पहिल्या तिघांपैकी येसाया झेरेंजी म्वासी हा पुढे लिव्हिंगस्टोनिया प्रेसबिटरीचा मॉडरेटर झाला, आणि १९३३ साली मिशनपासून फुटून त्याने काळ्या माणसांचे आपले चर्च काढले.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८४३ साली स्कॉटलंडमधले चर्च फुटले तेव्हा भारतातले त्या चर्चचे मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले आणि शाळांच्या इमारती मागे ठेवून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास आले तेही याच फ्री चर्चचे. विल्सनांच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले आणि १८५४ साली मुंबईच्या फ्री चर्च प्रेसबिटरीने त्यांना दीक्षा दिली. या दीक्षेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. दीक्षा मिळताच प्रेसबिटरीच्या नियमाने शेषाद्री आणि स्कॉटिश मिशनरी यांचे मत एकाच मोलाचे झाले. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात नेमलेला पहिला भारतीय बसला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १८६२ साली. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी हेही पुढे पुण्यातल्या फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले. कोल्हापूर भागात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ पासून चालवलेले काम १८७० साली अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले, आणि कोल्हापूरचीही प्रेसबिटरी झाली. अर्थात मत समान झाले तरी तिजोरी समान झाली नव्हती. पैसा आणि मालमत्ता दीर्घकाळ मिशनच्या समित्यांकडे राहिली, आणि देशी पाळकांची घुसमट बहुतेक याच फटीतून झाली.

१९०४ साली इथल्या अनेक प्रेसबिटेरियन मिशनांची मिळून प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया ही संस्था बनली. १९२४ साली काँग्रिगेशनल मंडळ्यांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, कोल्हापूरकडे चर्च कौन्सिल हे नाव रुळले. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरातच, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि महाराष्ट्रातल्या जुन्या प्रेसबिटऱ्या बिशपच्या धर्मप्रांतांत विरून गेल्या. ज्या व्यवस्थेने बिशपची जागा घेतली होती तिने एकीसाठी ती जागा बिशपला परत दिली. हा त्याग लहान नव्हता आणि मराठी ख्रिस्ती इतिहासलेखनाने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

भारतात प्रेसबिटरी आज सर्वांत जोमाने दिसते ती ईशान्येत. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ साली चेरापुंजीला पोहोचले, तिथून ती परंपरा मिझो डोंगरांत गेली. मिझोराममध्ये प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई तांदळातली एक मूठ चर्चसाठी बाजूला काढते. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही प्रथा आजही चर्चच्या उत्पन्नाचा मोठा भाग उभा करते. मुठीमुठीने जमलेल्या त्या तांदळाचा हिशेब मंडळीपासून वरच्या सभांपर्यंत जातो, आणि दूरच्या गावातल्या पाळकांचे, प्रचारकांचे पोट त्यावर चालते.

हा विषय आत्ताच का घ्यावा याचे कारण युरोपात उघड दिसते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चची सभासदसंख्या १९५० च्या दशकात तेरा लाखांच्या पुढे होती, ती आता तीन लाखांच्या खाली आली आहे. चाळीसहून अधिक प्रेसबिटऱ्या एकत्र करून त्या डझनभर करण्याचे काम तिथे हाती घेण्यात आले. नेदरलँड्सच्या प्रोटेस्टंट चर्चने २०१८ साली सुमारे ७५ क्लासिस मोडून ११ केल्या आणि प्रत्येकीला एक पूर्णवेळ पाळक-अधिकारी दिला. बारा गावांची सभा अनेक परगण्यांची झाली की काय उरते, हा खरा प्रश्न आहे. सभासद एकमेकांना ओळखत असतील तरच सभेला बिशपची जागा भरता येते. ओळख गेली की सभा उरते आणि कारभार कार्यालयात जातो. संख्येच्या रेट्यापुढे हे टाळता येईल असे वाटत नाही, पण काय गमावले जात आहे हे माहीत असणे भागच आहे. महाराष्ट्रातही चर्चची मालमत्ता, निवडणुका आणि पाळकांच्या बदल्या यांवरून मंडळ्या त्रस्त आहेत. त्या वादांमध्ये आपल्याच पूर्वजांनी शंभर-सव्वाशे वर्षे चालवलेली ही व्यवस्था कोणाच्या आठवणीत नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रस्तुत ग्रंथ त्या विस्मरणावर काम करतो. त्याने धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक होण्याचा प्रयत्न केलेला नाही आणि एखाद्या पंथाची वकिलीही केलेली नाही. त्याचा भर प्रत्यक्ष प्रकरणांवर आहे: कोणत्या प्रेसबिटरीपुढे कोणता पेच आला, कोणी कोणत्या बाजूने मत दिले, असहमती कोणी नोंदवली आणि त्यानंतर त्या माणसांचे काय झाले. असेंब्लीच्या थोर वक्त्यांपेक्षा क्लार्कच्या टेबलावरच्या वहीकडे तो अधिक वेळा वळतो, आणि ही निवड योग्य आहे. पारिभाषिक शब्दांसाठी मराठी मंडळ्यांत रुळलेले शब्द घेतले आहेत. जिथे असा शब्द नाही तिथे मूळ शब्द देवनागरीत ठेवला आहे. प्रेसबिटेरियन इतिहासाची ओळख नसलेल्या वाचकाने स्कॉटलंडचा भाग आधी वाचावा. ज्यांचे आजोबा-पणजोबा कोल्हापूर, जालना, पुणे किंवा नागपूरच्या मंडळ्यांत वडील होते, त्यांनी महाराष्ट्राच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल.

काही गोष्टी या ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. बिशप आणि प्रेसबिटरी दोन्ही बाळगणारी हंगेरीची रिफॉर्म्ड परंपरा, आयर्लंडमध्ये १६४२ साली लष्करी पाळकांनी कॅरिकफर्गसला स्थापन केलेल्या पहिल्या प्रेसबिटरीचा पुढचा प्रवास, आणि आफ्रिकेतला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यांसाठी स्वतंत्र पुस्तके लागतील. मुंबई आणि कोल्हापूर प्रेसबिटऱ्यांच्या मराठी पाळकांवर इथे जेवढे लिहिले गेले आहे ते सुरुवातीपुरते आहे. त्यांची पत्रे, मंडळ्यांच्या दप्तरांतल्या वह्या, नोंदणीपुस्तके जिथे असतील तिथून ती ओल आणि वाळवीपासून वाचवून वाचली जायला हवीत, आणि ते काम त्या त्या मंडळीतल्या माणसांनीच हाती घ्यायला हवे.